वस्तू जागच्या जागी

माझ्या ओळखीत खुनी म्हणावा असा एकही माणूस नाही. निदान पुस्तकांच्या कपाटाबाहेर तरी नाही. कपाटात मात्र बरेच जण दाटीवाटीने राहतात. दिवाळीआधी धूळ झटकायला काढली की एकेकाची गाठ पडते. वरच्या खणात कर्ण, मधल्या खणात शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ला खेटून मूळचा मॅकबेथ, त्याच्या पलीकडे अंगाने किडकिडीत असा काम्यूचा मर्सो, आणि सगळ्यांत खाली, त्याच्या वजनाने फळी वाकते म्हणून, शिक्षण अर्धवट सोडलेला पीटर्सबर्गचा विद्यार्थी रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह. फडक्याने यांची पाठ पुसताना मला कधी भीती वाटलेली नाही. उलट विचारपूस करावीशी वाटते, की बरे आहात ना, शेजारच्या समीक्षेचा जाच होत नाही ना.

पेपरातल्या खुन्याशी मी असा वागत नाही. सकाळी चहाबरोबर बातमी वाचताना मी सरकारी वकिलापेक्षा कडक असतो. आरोपी कोर्टात उभा राहायच्या आत त्याला शिक्षा ठोठावून पान उलटतो. संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून, कुऱ्हाडीने दोन बायकांचा जीव घेतलेल्या तरुणाला जिन्यात कुणी भेटू नये म्हणून मी श्वास रोखून धरतो. सकाळचा गृहस्थ आणि संध्याकाळचा गृहस्थ यांची अजून एकमेकांशी ओळख झालेली नाही, आणि घरात शांतता राहावी म्हणून मीही ती करून दिलेली नाही. १८६६ च्या जानेवारीत दस्तयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ ‘रस्की वेस्तनिक’ मासिकातून क्रमशः यायला लागली. त्याच महिन्यात मॉस्कोमध्ये दानिलोव्ह नावाच्या एका खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्याने एका खऱ्याखुऱ्या सावकाराचा आणि त्याच्या मोलकरणीचा खून केला. कादंबरीतलं कथानक आधीच रचलेलं होतं, त्यामुळे हा योगायोग पाहून लोक चक्रावले. पण दानिलोव्हसाठी कुणी उसासा टाकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तो आज तळटीपांमध्ये राहतो. त्याला लेखक मिळाला नाही, एवढंच.

आपण असे का वागतो, याचं पुस्तकी उत्तर तयार असतं. रास्कोल्निकोव्ह गरीब आहे, घरभाडं थकलंय, भावाचं भलं व्हावं म्हणून बहीण नको त्या माणसाशी लग्नाला तयार झाली आहे, सावकारीण कजाग आहे, आणि त्याच्या डोक्यात नेपोलियनने बिऱ्हाड केलेलं आहे. काही माणसं साधारण, काही असाधारण, आणि असाधारणांना रक्त ओलांडून पुढे जायची मुभा. एवढं लिहिलं की परीक्षेतला दहा गुणांचा प्रश्न सुटतो. पण हाच युक्तिवाद एखाद्या तरुणाने डेक्कन क्वीनमध्ये शेजारी बसून ऐकवला, तर लोणावळा यायच्या आत आपण जागा बदलू. तत्त्वज्ञान ऐकून कुणाचा जीव खुन्यावर जडत नसतो.

माझा जडला तो हॅटपाशी. जुलै महिना, शहरभर चुन्याचा आणि धुळीचा वास, आणि हा सावकारणीच्या घरी रंगीत तालीम करायला निघालेला. आपल्या फाटकापासून तिच्या दारापर्यंत नेमकी ७३० पावलं, हेसुद्धा मोजून ठेवलेलं. इतका पक्का बेत, आणि भर रस्त्यात गाडीतून चाललेला एक दारुडा त्याच्या डोक्याकडे बोट दाखवून जर्मन टोपीवाला म्हणून ओरडतो. हॅट आहेच तशी. उंच, गोल, विटून गेलेली, भोकं पडलेली, डागांनी भरलेली, एका बाजूला कललेली. एकदा पाहिली की कुणाच्याही लक्षात राहील. रास्कोल्निकोव्ह खट्टू होतो. असली हॅट घालून कुठे खून करता येतो का? नेपोलियनच्या सिद्धान्तात या अडचणीची तरतूद नव्हती. आणि अशा वेळी वाचकाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते ‘असं करू नको रे बाबा’ हे नव्हे. ‘आधी ती हॅट बदल’ हे येतं.

एकदा सल्ला दिला की आपण त्यात आलोच. लग्नघरात नवऱ्या मुलाबद्दल आपलं मत काहीही असो, हातात वाढायची पळी आली की पंगत नीट उठावी एवढीच काळजी उरते. लेखक मंडळी हे ओळखून असतात. खुनी आपल्याला पटावा म्हणून ती वाद घालत बसत नाहीत, आपल्याला कामाला लावतात. रास्कोल्निकोव्ह जुन्या, मळक्या सदऱ्याची पट्टी फाडून ओव्हरकोटाच्या आत डाव्या काखेखाली फास शिवतो, कुऱ्हाड त्यात अडकवून रस्त्याने जाता यावं म्हणून. आपण म्हणतो, टाके घट्ट घाल. गहाण ठेवायला चांदीची सिगारेटकेस म्हणून तो लाकडाचा तुकडा आणि लोखंडाची पट्टी बांधतो, पांढऱ्या कागदात गुंडाळून दोरा अशा खुबीने आवळतो की म्हातारीला गाठ सोडवायला वेळ लागावा; आपण गाठ निरखून पाहतो. आणि मग ऐन वेळी, स्वयंपाकघरातली कुऱ्हाड उचलायला तो खाली उतरतो, तर मोलकरीण नस्तास्या नेमकी तिथेच दोरीवर कपडे वाळत घालत उभी. एरवी ती कुठेतरी गप्पा छाटत असते, आजच घरात. आपल्या तोंडून ‘अरेरे’ निघून जातं. पुढे दरवानाच्या खोलीत बाकाखाली दोन ओंडक्यांच्या मध्ये त्याला दुसरी कुऱ्हाड चकाकताना दिसते, तेव्हा आपल्याला जे हायसं वाटतं, त्याची नोंद चित्रगुप्त कुठल्या रकान्यात करत असेल?

माझ्या आत्याला हे पुस्तक मी तोंडीच सांगितलं. ती मेथी निवडायला बसली की तिला काहीतरी ऐकायला लागे, आणि तिची एकच अट असे, मधलं गाळायचं नाही. आत्या मुंग्यांच्या वारुळापाशी साखर टाकणारी. हातून डास मेला तरी ‘शिव शिव’ म्हणणारी. खुनाच्या प्रसंगी ती मेथीची जुडी खाली ठेवून मला थांबवेल, विषय बदलायला सांगेल, अशी माझी अटकळ होती. सावकारीण गेली, आत्याचे हात चालूच होते. तिने मान वर केली ती पुढच्याच वाक्याला. कपाट धुंडाळताना मागचं दार उघडंच राहिलं होतं, असं मी म्हणालो तेव्हा.

“अगं बाई! कडी नाही लावली त्याने?”

कडीचं प्रकरण सगळ्या कादंबरीत मला सर्वांत आवडतं. दोन खून होऊन गेले आहेत. आता कडी लावलेली आहे. बाहेर कोख नावाचा एक जाडजूड गृहस्थ घंटा वाजवतो आहे, दार गदगदा हलवतो आहे, आणि आत रास्कोल्निकोव्ह कुऱ्हाड घेऊन उभा. दार हलेल तशी कडी कोयंड्यात उड्या मारते आहे. तो तिच्याकडे बघतो आहे, आपणही बघतो आहोत. कोखच्या जोडीला एक तरुण विद्यार्थी येतो आणि हुशारीने निदान करतो: दार थोडं हलतंय, म्हणजे ते कुलपाने बंद नाही, कडी आतून आहे, म्हणजे घरात माणूस आहे. किती बरोबर बोलला तो. आणि किती राग येतो आपल्याला त्याचा! तो दरवानाला बोलवायला खाली जातो. कोख पहाऱ्यावर थांबतो. मग त्यालाही कंटाळा येतो आणि तोही खाली उतरतो. या जगात कंटाळ्याचे इतके उपकार मला दुसरीकडे कुठे आठवत नाहीत.

आता या दोघांनी आपलं काय वाकडं केलं होतं? कायद्याने वागणारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी घेणारी माणसं. लहानपणी मी कायम त्यांच्याच बाजूला उभा असे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांतल्या वाचनालयात हाती लागतील तेवढ्या मी वाचल्या. धनंजय आणि छोटू दार ठोठावत, मी त्यांच्या मागे जिन्यावर दबा धरून. आत लपलेला बदमाश सापडलाच पाहिजे याबद्दल मनात तिळभर शंका नसे. आतला माणूस दोन दिवस धड जेवलेला नाही, त्याच्या कोटाला आतून फास शिवलेला आहे आणि तो कडीकडे बघतो आहे, हे जर मला कुणी सांगितलं असतं, तर वाचनालयाचं पुस्तक परत करायच्या आत मी फितूर झालो असतो. न्याय, नीती, दया हे मोठे शब्द त्यात नंतर येतात. आधी एवढंच, की लेखकाने आपल्याला दाराच्या कोणत्या बाजूला उभं केलं.

सुटून आल्यावर रास्कोल्निकोव्ह काय करतो, तर दरवानाच्या खोलीत जाऊन कुऱ्हाड होती तिथे परत ठेवतो. आतमध्ये दरवान असता आणि ‘काय पाहिजे’ म्हणून विचारता, तर कदाचित सरळ त्याच्या हातातच दिली असती, इतका तो बधिर झालेला. पण खोली रिकामी. कुऱ्हाड बाकाखाली जाते, वर पूर्वीसारखा ओंडकासुद्धा ठेवला जातो. हे ऐकून आत्याने मेथीची काडी खुडली आणि म्हणाली, “वस्तू जागच्या जागी ठेवली हो पोराने. आमच्याकडे एकालाही जमत नाही.” तेवढ्यावर तिने त्याला अर्धा सोडून दिला होता.

मॅकबेथला हे जमलं नाही. झोपलेल्या राजाला मारून तो बाहेर येतो तो दोन्ही खंजीर हातात घेऊनच. ते आत, पहारेकऱ्यांपाशी ठेवायचे ठरलेले. बायको विचारते, हे इकडे कशाला आणले? तो म्हणतो, मी आता परत आत जाणार नाही. मग तीच चिडून जाते. स्कॉटलंडचं सिंहासन, चेटकिणींची भाकितं, आणि मधे हा संसारातला जुनाच संवाद. त्या क्षणी नाट्यगृहातल्या प्रत्येक नवऱ्याची सहानुभूती कुठे जात असेल हे सांगायला नको. त्यानंतर फाटकावर ठोठावणं सुरू होतं. त्या ठोठावण्याने आपण लहानपणापासून का दचकतो, यावर डी क्विन्सी या इंग्रज गृहस्थाने १८२३ मध्ये एक निबंधच लिहिला. त्याचं म्हणणं असं, की मरणाऱ्याची तडफड सगळ्या प्राण्यांना सारखीच, म्हणून कवी आपल्याला मारणाऱ्याच्या मनात नेऊन बसवतो. ही सहानुभूती म्हणजे कीव नव्हे किंवा मान्यता नव्हे, असंही त्याने बजावून ठेवलं आहे. बजावलं ते ठीकच, पण एकदा मनात नेऊन बसवलेला पाहुणा दिवाणखान्यातच थांबेल याची खात्री कोण देणार? तो आत माजघरापर्यंत जातोच.

आत्याची खरी निष्ठा कर्णाशी होती. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आलं, तेव्हा सावंत सत्ताविशीचे. त्यात कर्ण स्वतः बोलतो, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण बोलतात, आणि पुस्तक मिटेपर्यंत मराठी घरांतल्या उशा ओल्या होतात. व्यासांचा कर्ण इतका सोपा नाही. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला ते मोठ्याने वाचवत नाही, आणि एकट्या पडलेल्या अभिमन्यूचं धनुष्य पाठीमागून तोडणाराही तोच. हे मी एकदा आत्यापाशी काढलं. ती म्हणाली, “अरे, युद्धात व्हायचंच ते. पण जन्मल्या जन्मल्या पेटीत घालून नदीत सोडलं रे त्याला.” कर्ण कुरुक्षेत्रावर उतरला तेव्हा त्याला नातवंडं व्हायचं वय होतं, आत्याच्या लेखी तो पेटीतून कधी बाहेर आलाच नाही. नवजात मुलाने अभिमन्यूला मारलं म्हणून कोण रागावणार?

दस्तयेव्हस्कीनेही ही पेटी ठेवलेली आहे, आणि ती नेमकी खुनाच्या आदल्या दिवशी उघडते. रास्कोल्निकोव्हला झुडपाखाली झोप लागते आणि स्वप्न पडतं. तो सात वर्षांचा आहे, वडिलांचं बोट धरून चालला आहे. दारू प्यालेली माणसं एका मरतुकड्या घोडीला भरलेल्या गाडीला जुंपून ती पळत नाही म्हणून मारतात, मरेपर्यंत मारतात, आणि हा मुलगा धावत जाऊन तिच्या रक्ताळलेल्या तोंडाला मिठी मारतो. त्या मुलाला आपण मांडीवर घेतलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड उचलली जाते तेव्हाही तो मांडीवरच असतो. खाली उतरवायला सवड मिळत नाही.

सावंतांनी कर्णाला ‘मी’ म्हणू दिलं. दस्तयेव्हस्कीनेही आधी तेच केलं होतं. आरोपीच्या कबुलीजबाबासारखं बरंच लिहून झालं होतं, आणि १८६५ च्या नोव्हेंबरात त्याने ते सगळं जाळून नव्याने, ‘तो’ म्हणत, सुरुवात केली. माझ्या मते बरं केलं. ‘मी’ म्हणणारा माणूस बाजू मांडतो, आणि कुणी बाजू मांडायला लागलं की आपण आपोआप न्यायाधीशाच्या खुर्चीत सरसावून बसतो. ‘तो’ मात्र आपल्याकडे काहीच मागत नाही. तो फक्त मोज्यावरचं रक्त शोधत असतो, आणि आपण त्याच्याआधी आपलाच पाय तपासून बघतो.

या सगळ्या आपुलकीत एका पक्षाची मात्र फार आबाळ होते. मेलेल्यांची. त्यांना ना हॅट, ना कडी, ना स्वप्न. आल्योना इवानोव्हनाला दस्तयेव्हस्कीने काय दिलं? साठीचं वय, तेलाने चोपडलेले विरळ केस, उंदराच्या शेपटीएवढी वेणी आणि ती खोचलेला शिंगाचा मोडका कंगवा. एवढ्या सामानावर वाचकाकडून अश्रू मिळत नाहीत. काम्यूने १९४२ मध्ये मर्सोला डोळ्यांवर चमकणारं ऊन दिलं, घाम दिला, समुद्र दिला; ज्याला गोळ्या लागल्या त्याला नावसुद्धा दिलं नाही. तो नुसता ‘अरब’. पुढे ७१ वर्षांनी अल्जीरियाच्या कामेल दाऊद या लेखकाने त्या मेलेल्याच्या भावाला बोलतं करून एक कादंबरी लिहिली, तेव्हा कुठे त्याला मुसा हे नाव मिळालं. काही ठिकाणी जन्मदाखला असा उशिरा निघतो.

रास्कोल्निकोव्हच्या हातून मेलेली दुसरी बाई तर कुणाला आठवतही नाही. लिझावेता, सावकारणीची सावत्र बहीण. पस्तिशीची, उंच, भित्री, बहिणीच्या घरात रात्रंदिवस राबणारी, जुने कपडे विकून चार पैसे आणणारी. ती त्या वेळी घरात नसणार हे रास्कोल्निकोव्हने बाजारात कानांनी ऐकलं होतं. पण ती आली. तिच्यावर कुऱ्हाड उगारली गेली तेव्हा तिने तोंडापुढे हातही नीट धरला नाही. आयुष्यभर सगळ्यांचा मारच खाल्लेला. तिच्या खुनासाठी नेपोलियनचा सिद्धान्त लागू पडत नाही, दुसरा कुठलाही पडत नाही. म्हणून रास्कोल्निकोव्ह तिचा विचार करायचं टाळतो, आणि त्याची बाजू घेऊन बसलेले आपणही.

मग तो तापाने फणफणून पडलेला असताना खोलीत माणसं खुनाची चर्चा करत असतात आणि नस्तास्या मधेच त्याला सांगते, लिझावेतालाही मारलं. आठवत नाही का, इथे यायची. तुमचा सदरासुद्धा तिने शिवून दिला होता. रास्कोल्निकोव्ह भिंतीकडे कूस वळवतो. तिथे मळक्या पिवळ्या कागदावर फुलं छापलेली आहेत. त्यातलं एक ओबडधोबड पांढरं फूल निवडून तो त्याच्या पाकळ्या किती, पाकळ्यांना कातर किती, त्यावर रेघा किती, हे बघत राहतो. सावकारणीला लेखकाने उंदराची शेपटी दिली. लिझावेताला सुईदोरा दिला, तोही मेल्यानंतर, दुसऱ्याच्या तोंडून, एका वाक्यात. पण या वाक्यापाशी माझ्यातला संध्याकाळचा गृहस्थ गडबडतो. कुऱ्हाडीच्या फासासाठी त्याने एक जुना सदरा फाडला होता. घरात सदरे ते किती असणार? लिझावेताने दुरुस्त केलेला तोच तर नसेल? दस्तयेव्हस्की सांगत नाही. मी पानं मागेपुढे करून पुष्कळ शोधलं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “तोच असणार. जुना होता म्हणूनच तर शिवायला दिला असेल.” आणि त्या दिवशी मेथी तिने जरा जास्तच बारकाईने निवडली.

शेवटी त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, सायबेरियात. शिक्षा सौम्यच. कारण कोर्टापुढे जे आलं ते बरंचसं आपल्यापुढे आलेलंच होतं: लुटलेली थैली त्याने उघडून पाहिलीच नाही, ३१७ रुबल ६० कोपेक दगडाखाली तसेच पडून होते, एका क्षयी सोबत्याला त्याने पदरच्या पैशांनी पोसलं होतं, आगीतून दोन लहान मुलांना बाहेर काढताना स्वतः भाजला होता. ही शेवटची साक्ष घरमालकिणीने दिली, जिचं भाडं त्याने बुडवलं होतं. न्यायाधीशही वाचकच निघाले. साक्षीदारांत घरची मोलकरीणही आहे, पण नस्तास्या सदऱ्याबद्दल काही बोलल्याचं मला आढळलं नाही. तिला कुणी मनासारखं बोलू दिलं नसावं. बोलू दिलं असतं तर कोर्टात उभी राहून ती आधी सदऱ्याचंच बोलली असती, आणि शिलाईचे पैसे लिझावेताला मिळाले होते की नाही, हेही लगोलग सांगून मोकळी झाली असती.